विल्यम सिंक्लेअर : दोन राजांचा जमीनदार

पंधराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये जमीन धारण करणाऱ्या कुलीन पुरुषाला ‘लेअर्ड’ म्हणत. एखाद्या खोऱ्यापुरती जहागीर असलेला साधा लेअर्ड आणि ‘अर्ल’ ही पदवी मिरवणारा मोठा सरदार यांच्यात मानमरातबाचे अंतर फार होते. परंतु दोघांचीही ओळख अमुक जमिनीचा धनी अशीच करून दिली जाई. विल्यम सिंक्लेअर याचे घराणे रॉझलिनचे. एडिंबरा शहराच्या दक्षिणेस, एस्क नदीच्या काठी असलेली ही जहागीर १२८० पासून सिंक्लेअरांकडे होती. विल्यमजवळ पुढे दोन अर्लपदे आली, स्कॉटलंडचे चॅन्सेलरपदही आले. तथापि आज त्याचे नाव घेतले जाते ते मुख्यतः रॉझलिनच्या कोरीव चर्चमुळे. या चर्चभोवती अलीकडच्या काळात इतक्या दंतकथा गुंफल्या गेल्या आहेत, की ते बांधणारा माणूस आणि त्याच्या आयुष्याचा खरा पेच, म्हणजे जमीन, दृष्टीआड झाला आहे.

हा पेच समजण्यासाठी त्याच्या आजोबांपर्यंत मागे जावे लागते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे असलेली ऑर्क्नी बेटे त्या काळी स्कॉटलंडची नव्हती. ती नॉर्वेच्या राजाची होती. मातृवंशाकडून आलेल्या हक्काच्या आधारे आजोबा हेन्री सिंक्लेअर याने त्या अर्लपदावर दावा सांगितला आणि १३७९ मध्ये नॉर्वेचा राजा होकोन सहावा याने तो मान्य केला. अटी मात्र कडक होत्या. राजाच्या अनुमतीवाचून बेटांवर किल्ला बांधावयाचा नाही, बोलावणे येताच शंभर सशस्त्र माणसे घेऊन हजर व्हावयाचे, आणि अर्लच्या मृत्यूनंतर पद आपोआप मुलाकडे जाणार नाही. म्हणजे रॉझलिनची जमीन स्कॉटलंडच्या राजाच्या सनदेने वंशपरंपरा चालणारी, तर ऑर्क्नीचे पद दर पिढीला नॉर्वेच्या राजाकडून नव्याने मागून घ्यावे लागणारे. एकच माणूस दोन राजांचा अंकित होता, आणि ते दोन राजे परस्परांचे मित्र असतीलच याची खात्री नव्हती.

विल्यमचा जन्म १४१० च्या सुमाराचा. त्याचा पिता दुसरा हेन्री हा राजपुत्र जेम्सला फ्रान्सला पोहोचविण्यासाठी त्याच्यासोबत जहाजावर असताना १४०६ मध्ये इंग्रजांच्या हाती सापडला होता. जेम्स पुढे अठरा वर्षे बंदिवासात राहिला. हेन्री लवकर सुटला, पण १४२० च्या सुमारास वारला. विल्यम तेव्हा अजाण होता. नॉर्वेची गादी या काळात डेन्मार्कशी जोडली गेलेली होती. राजा एरिकने बेटांचा कारभार प्रथम बिशप टॉमस टलक याच्याकडे आणि नंतर विल्यमचा नातलग डेव्हिड मेंझीस याच्याकडे सोपविला. मेंझीसचा कारभार इतका जाचक झाला, की बेटांवरील लोकांनी त्याच्याविरुद्ध गाऱ्हाण्यांची लांबलचक यादी राजदरबारी धाडली. अखेर १४३४ मध्ये कोपनहेगनला जाऊन विल्यमने एरिककडून अर्लपद मिळविले. कर्कवॉलचा किल्ला राजासाठी राखण्याचे वचन त्याला द्यावे लागले. पित्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी त्याला स्वतःच्या घराण्याची बेटे मिळाली होती, आणि तीही हयातीपुरती.

बेटांवरील जमिनीचा प्रकारही वेगळा होता. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर सारी जमीन तत्त्वतः राजाची. सरदार ती राजाकडून, लहान जमीनदार सरदाराकडून आणि शेतकरी त्याच्याकडून धारण करी. प्रत्येक पायरीवर सनद, सेवा आणि शपथ असे. ऑर्क्नी-शेटलंडमध्ये मात्र नॉर्स परंपरेचा ‘उडल’ हक्क चाले. उडल जमीन कुटुंबाची. तिला वरिष्ठ धनी नाही, सनद नाही, आणि ती सर्व वारसांत वाटली जाई. अशा जमिनीवर राजाचा वा अर्लचा ‘स्कॅट’ नावाचा कर असे, पण त्या कराने मालकी बदलत नसे. जमिनीची मोजणीही लांबीरुंदीने न होता कराच्या मापाने होई : अठरा ‘पेनीलँड’ मिळून एक ‘औंसलँड’. देणे बहुधा धान्य, माल्ट आणि लोणी यांच्या रूपाने चुकते होई. विल्यमने या व्यवस्थेचा नीट अभ्यास केला असावा. कारण अर्लपदाच्या जमिनींशिवाय त्याने गरजू उडल मालकांकडून तुकड्यातुकड्यांनी जमिनी विकत घेण्यास प्रारंभ केला. पदाच्या जमिनी राजा काढून घेऊ शकत होता. खरेदीची जमीन मात्र त्याची स्वतःची होती. या एका भेदात त्याच्या पुढील वागण्याची किल्ली आहे.

स्कॉटलंडमध्ये त्याचे स्थान या काळात उंचावत होते. १४३६ मध्ये राजकन्या मार्गारेटला विवाहासाठी फ्रान्सला नेणाऱ्या ताफ्यात तो प्रमुख होता. त्याची पत्नी एलिझाबेथ ही चौथ्या अर्ल डग्लसची कन्या. तिचा पूर्वीचा पती, बकनचा अर्ल, आणि तिचा पिता हे दोघेही १४२४ मध्ये फ्रान्समधील व्हर्नेय येथील लढाईत एकाच दिवशी पडले होते. या विवाहाने विल्यम स्कॉटलंडमधील सर्वांत प्रबळ घराण्याचा जावई झाला.

१४४६ मध्ये त्याने रॉझलिन येथे संत मॅथ्यूच्या नावे चर्च उभारण्यास आरंभ केला. सरदारांनी आपल्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थना करणाऱ्या धर्मगुरूंचा मठ वसवावा आणि त्याच्या खर्चासाठी जमिनी तोडून द्याव्यात, ही त्या काळातील रूढ रीत होती. विल्यमने ती असाधारण हौसेने पाळली. खांब, कमानी, छत, कुठेही दगड मोकळा राहू दिला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्याचा इतिहास लिहिणारा पाद्री रिचर्ड ऑगस्टिन हे सांगतो, की मुख्य पाथरवटास वर्षाला सुमारे चाळीस आणि इतरांस दहा पौंड मिळत, आणि कारागिरांच्या वस्तीसाठी गावही वसविले गेले. मूळ आराखड्यातील केवळ पूर्वेकडचा भाग उभा राहिला. धर्मयोद्धे, पवित्र चषक आणि अमेरिकेचा शोध यांचे धागे या वास्तूला जोडणाऱ्या कथा विद्यार्थ्यांनी कादंबऱ्यांसाठी सोडून द्याव्यात. टेंप्लर पंथ १३१२ मध्येच बरखास्त झाला होता, आणि १३०९ मध्ये एडिंबऱ्याला झालेल्या चौकशीत सिंक्लेअरांनी त्या पंथाविरुद्ध साक्ष दिली होती.

याच हे पाद्र्याने १४४७ मधील एक प्रसंग नोंदविला आहे. तो घडल्यानंतर अडीचशे वर्षांनी लिहिला गेला असल्याने तपशील जपून स्वीकारावा. पण त्यातून त्या युगाचे मन दिसते. घरातील एक स्त्री मेणबत्ती घेऊन पलंगाखाली कुत्रीची पिले शोधू लागली, अंथरुणाने पेट घेतला आणि रॉझलिनचा किल्ला जळू लागला. विल्यम समोरच्या टेकडीवरून पाहत होता. त्याला सामानसुमानाचे काही वाटले नाही, सनदा जळाल्या या कल्पनेने मात्र तो खचला. तेवढ्यात बातमी आली, की किल्ल्यातील धर्मगुरूने दस्तऐवजांच्या चार मोठ्या पेट्या खिडकीतून खाली टाकल्या आणि स्वतः घंटेच्या दोराला धरून उतरला. विल्यमचा चेहरा उजळला. कथा खरी असो वा रचलेली, ती अस्थानी नाही. ऑर्क्नीच्या बिशपाने अर्लच्या वंशावळीविषयी नॉर्वेच्या राजाकडे पाठविलेल्या निवेदनात, जुने दस्तऐवज युद्धात आणि आगीत गेल्याची, ते ठेवण्यास सुरक्षित घर नसल्याची तक्रार आहेच. कागद नाही तर हक्क नाही, हे विल्यमला पुरते ठाऊक होते.

एलिझाबेथ १४५१ च्या सुमारास वारली. ही गोष्ट राजकारणाच्या दृष्टीने त्याच्या पथ्यावर पडली, असे म्हणणे निष्ठुर वाटेल, पण ते खरे आहे. दुसरा जेम्स आणि डग्लस घराणे यांच्यातील वैर विकोपाला गेले. १४५२ मध्ये राजाने आठव्या अर्ल डग्लसला स्वहस्ते भोसकले आणि १४५५ मध्ये त्या घराण्याचा पाडाव केला. या संघर्षात विल्यम राजाच्या बाजूस राहिला. १४५४ ते १४५६ तो चॅन्सेलर होता. त्याच्या आईकडून निथ्सडेलवर त्याचा जुना हक्क होता. तो सोडून देण्याच्या मोबदल्यात १४५५ मध्ये त्याला केथनेसचे अर्लपद मिळाले. केथनेस हे मुख्य भूमीचे उत्तर टोक, ऑर्क्नीच्या अगदी समोर. खाडीच्या दोन्ही काठांवर आता त्याचाच अंमल होता, एका काठावर स्कॉटलंडच्या नावाने आणि दुसऱ्या काठावर नॉर्वेच्या.

भाषेच्या अभ्यासकांना १४५६ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटावे. सर गिल्बर्ट हे या सरदाराने रॉझलिनच्या किल्ल्यात राहून विल्यमच्या इच्छेवरून तीन फ्रेंच ग्रंथांची भाषांतरे केली : एक युद्धाच्या नियमांवर, दुसरा सरदारी धर्मावर, तिसरा राजनीतीवर. स्कॉट्स भाषेतील वाङ्मयीन गद्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. राजांशी व्यवहार करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने राजनीतीचा ग्रंथ आपल्या भाषेत करवून घ्यावा, यात नवल नाही.

१४६० मध्ये रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्वतःचीच तोफ फुटून दुसरा जेम्स ठार झाला. इकडे डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन विल्यमला शपथेसाठी बोलावीत होता. विल्यम गेला नाही. पश्चिम बेटांवरील टोळ्यांनी ऑर्क्नी लुटल्याने त्याला तेथून हलता येत नाही, असे बिशपाने १४६१ मध्ये राजाला कळविले. कारण खरे होते, पण सोयीचेही होते. पुढे १४६७ मध्ये विल्यमच्या मुलाने त्याच बिशपाला कैद केले आणि ख्रिश्चनचा रोष वाढला.

निर्णय शेवटी विल्यमला न विचारताच झाला. १४६८ मध्ये तिसरा जेम्स आणि ख्रिश्चनची कन्या मार्गारेट यांचा विवाह ठरला. हुंडा होता ऱ्हाइनच्या ६०,००० फ्लोरिनचा. पैकी १०,००० रोख द्यावयाचे आणि उरलेल्या ५०,००० साठी राजाचे ऑर्क्नीतील हक्क गहाण. वधूपित्याजवळ रोकड इतकी कमी होती, की २,००० च देता आले. मग १४६९ मध्ये ८,००० फ्लोरिनसाठी शेटलंडही गहाण पडले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ख्रिश्चनने गहाण ठेवले ते राजाचे हक्क. अर्लपद त्याचे नव्हते, ते विल्यमचे होते. तेव्हा जेम्सला बेटांवर पूर्ण ताबा हवा असेल, तर विल्यमशी वेगळा सौदा करणे भाग होते. तो १४७० मध्ये झाला. ऑर्क्नीचे अर्लपद आणि कर्कवॉलचा किल्ला यांच्या बदल्यात विल्यमला फाइफच्या किनाऱ्यावरील रेव्हन्सक्रेगचा किल्ला, लगतच्या जमिनी आणि निवृत्तिवेतन मिळाले. १४७२ मध्ये संसदेने ऑर्क्नी व शेटलंड राजगादीस जोडून टाकले.

काही इतिहासकारांना हा सौदा म्हणजे अन्याय वाटतो : बेटांच्या स्वामित्वासाठी एक अर्धवट किल्ला. मला तसे वाटत नाही. नॉर्वेचा राजा मागे हटल्यावर दोन राजांमध्ये तोल सांभाळण्याची विल्यमची जुनी युक्ती संपली होती. शिवाय ते पद वंशपरंपरा कधीच नव्हते. त्याऐवजी त्याला वारसांना देता येईल अशी सनदी जमीन मिळाली. आणि विकत घेतलेल्या उडल जमिनी सौद्याबाहेर राहिल्या.

वाटणी मात्र त्याने कठोरपणे केली. मार्जरी सदरलंड या दुसऱ्या पत्नीपासून त्याला बरीच मुले होती. १४७६ मध्ये रॉझलिन ऑलिव्हरला आणि केथनेस धाकट्या विल्यमला दिले गेले. पहिल्या पत्नीचा थोरला मुलगा, त्याचेही नाव विल्यम, उधळ्या म्हणून कुप्रसिद्ध होता. त्याला बाजूस सारले गेले. बापाने १४८० च्या सुमारास डोळे मिटल्यावर भावांत तंटा झाला आणि तडजोडीअंती रेव्हन्सक्रेग व डायझर्ट थोरल्याकडे आले.

या उधळ्याचा मुलगा हेन्री आजोबांवर गेला होता. १४८९ मध्ये संसदेने त्याला घराण्याचा प्रमुख मानले आणि त्याच वर्षी त्याने राजाकडून ऑर्क्नी-शेटलंड खंडाने घेतले. तेथील शेत न् शेत, त्याची पेनीलँड, त्याचे माल्ट आणि लोणी यांची नोंद त्याने १४९२ च्या सुमारास आणि पुन्हा १५०० मध्ये करविली. आजोबांनी विकत घेतलेल्या जमिनी त्यांत वेगळ्या दाखविल्या आहेत. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणात हेन्री आणि त्याचा चुलता, केथनेसचा अर्ल विल्यम, दोघेही पडले. बेटांचा खंड त्यानंतर हेन्रीची विधवा मार्गारेट हेपबर्न भरू लागली. डेन्मार्कच्या राजांनी पुढे अनेकदा गहाण सोडविण्याची तयारी दाखविली. स्कॉटलंडने प्रत्येक वेळी विषय टाळला.