लांडग्याला चेहरा देणारा जॅक पियर्स

‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ पाहिलाय का? १९८१चा सिनेमा. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात लोकांनी तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला, तो एका सीनसाठी. लख्ख उजेडातली खोली, आणि हिरोचा हात आपल्यासमोर लांब होत जातो, अंगावर केस फुटतात. कॉम्प्युटरची मदत शून्य! या कामासाठी रिक बेकरला ऑस्कर मिळालं. मेकअपचं नियमित ऑस्कर सुरू झालं, तेच मुळी त्या वर्षी.

पण सिनेमातल्या वेअरवुल्फला, म्हणजे लांडगामाणसाला, त्याचा चेहरा दिला जॅक पियर्सने. आणि तो १९६८ सालीच गेला होता.

पियर्सचा जन्म १८८९चा, ग्रीसमधला. पोरवयात तो अमेरिकेत आला. बेसबॉलपटू व्हायचं होतं, ते जमलं नाही. मग प्रोजेक्टर चालव, थिएटर सांभाळ, स्टंट कर, असं करत करत तो मेकअपकडे वळला. युनिव्हर्सल स्टुडिओत त्याने १९३१मध्ये फ्रँकेन्स्टाईनचा सपाट डोक्याचा राक्षस घडवला, १९३२मध्ये ‘द ममी’. आज तुमच्या टी-शर्टवर असतो ना, तो राक्षस त्याचाच!

१९४१च्या ‘द वुल्फ मॅन’साठी त्याने याक प्राण्याचे केस लॉन चेनी ज्युनियरच्या चेहऱ्यावर थोडे थोडे करून चिकटवले. याला तासन् तास लागायचे. चेनी वैतागायचा, पण पियर्स घाई करायचा नाही.

नेमकं हेच त्याला महागात पडलं. आधीच साच्यात तयार करून ठेवता येणारे रबराचे मुखवटे आले. काम झटपट होऊ लागलं. १९४६मध्ये स्टुडिओचं विलीनीकरण झालं आणि त्यानंतर लवकरच पियर्सला नारळ मिळाला. पुढे कमी बजेटचे सिनेमे आणि बोलणाऱ्या घोड्याची टीव्ही मालिका, यावर त्याने दिवस काढले. ऑस्कर कधीच नाही.

गंमत बघा, ज्या रबराने त्याची नोकरी खाल्ली, त्याच रबरातून सुमारे पस्तीस वर्षांनी बेकरचा लांडगा उभा राहिला. म्हणजे नवं तंत्र वाईट नव्हतंच. पण ते येताना जुन्या कारागिराला दाराबाहेर काढायलाच हवं होतं का? एआयच्या काळात करिअर निवडणाऱ्या तुम्हा-आम्हाला हा प्रश्न परका नाही.

या वीकेंडला दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा. आधी १९४१चा, मग १९८१चा. आणि हो, श्रेयनामावली स्किप करू नका. पियर्सचं नाव तिथेच आहे.