वीर वामनराव जोशी : ‘रणदुंदुभी’चा स्वर आणि सुईचे टोक

अमरावतीचे नाटककार आणि स्वातंत्र्यसैनिक वीर वामनराव जोशी (१८८१-१९५६) यांचे आयुष्य रंगभूमी आणि तुरुंग यांत विभागले गेले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने ते भारलेले होते. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ने त्यांना नाटककार म्हणून कीर्ती दिली. १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीने त्यांचे ‘रणदुंदुभी’ रंगभूमीवर आणले. वझेबुवांच्या चाली आणि मास्टर दीनानाथांचा तेजस्वी गळा लाभलेल्या त्यातील पदांनी पारतंत्र्याची सल बोलकी केली. १९३० साली अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडाने कायदा मोडला. त्या लढ्यातही वामनराव अग्रभागी होते.

‘रणदुंदुभी’ची पदे लाखेच्या तबकड्यांवर उतरली आणि नाट्यगृहाबाहेर पोहोचली. ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागे. झिजलेली सुई तशीच वापरली, की खाचा खरवडल्या जात आणि स्वर कायमचा उणावे.

आज अशी तबकडी घरच्या टर्नटेबलवर ऐकायची, तर कार्ट्रिज विचारपूर्वक निवडावे लागते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक हवे. एलपीचे सुमारे १८ मायक्रॉनचे टोक खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच अधिक ऐकू येते. अनेक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजांत केवळ सुई बदलूनही काम भागते. एवढी काळजी घेतली, तर वामनरावांचे शब्द दीनानाथांच्या स्वरात आजही स्पष्ट उमटतात.