छेदांचा मेळ घालणारे महावीराचार्य

शाळेतील पाचवी-सहावीचा विद्यार्थी भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज करावयास बसतो तेव्हा प्रथम छेदांचा लसावि काढतो. लघुतम सामाईक विभाज्य या लांबलचक नावाचे हे संक्षिप्त रूप अनेकांच्या मनात आजही धडकी भरवते. मात्र ज्या भारतीय गणितज्ञाने ही युक्ती नियम म्हणून प्रथम श्लोकबद्ध केली आणि तिला ‘निरुद्ध’ असे नावही दिले, ते महावीराचार्य पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात. इसवी सनाच्या नवव्या शतकातील या जैन आचार्यांचे ‘गणितसारसंग्रह’ पुन्हा अभ्यासकांच्या हाती देण्यात सोलापूरचा मोठा वाटा आहे.

महावीराचार्यांनी ग्रंथाच्या आरंभी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती केली आहे. त्यावरून त्यांचा काळ आणि देश निश्चित होतो. इ. स. ८१४ च्या सुमारास गादीवर आलेल्या अमोघवर्षाने सहा दशकांहून अधिक काळ राज्य केले. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे कर्नाटकातील मळखेड. कागिणा नदीकाठचे हे गाव सोलापूरपासून कलबुर्गीमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच राजसत्तेखाली होता. आदिपुराणाचे कर्ते जिनसेन हे राजाचे गुरुस्थानी होते आणि ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधील आद्य उपलब्ध ग्रंथ याच दरबारात सिद्ध झाला. स्वतःविषयी मात्र महावीराचार्यांनी मौन पाळले. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष शके १०३६ असे लिहून ठेवले. महावीराचार्यांनी ना जन्मगाव सांगितले, ना आईवडिलांचे नाव. त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचा ग्रंथच होय.

हा ग्रंथ नऊ अधिकारांचा आणि अकराशेहून अधिक श्लोकांचा आहे. त्यात ज्योतिष नाही, हे विशेष. आर्यभट, ब्रह्मगुप्त यांनी गणिताला खगोलाच्या ग्रंथात एखाद्-दुसरा अध्याय दिला. महावीराचार्यांनी गणितालाच स्वतंत्र घर बांधून दिले. पाकशास्त्र, वैद्यक, संगीत, छंदशास्त्र, वास्तुविद्या, व्यापार अशा सर्व व्यवहारांत गणित कसे वावरते, याचे त्यांनी सुरुवातीलाच केलेले वर्णन आजच्या शिक्षकांनाही उपयोगी पडावे.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये अपूर्णांकांच्या बेरजेसाठी सांगितलेला नियम सरळ होता : प्रत्येक अपूर्णांकाच्या अंशाला व छेदाला दुसऱ्याच्या छेदाने गुणावे. उत्तर बरोबर येते, पण आकडे फुगत जातात. एक बारांश आणि एक अठरांश यांची बेरीज या रीतीने केली तर छेद २१६ होतो. महावीराचार्य म्हणतात, आधी छेदांचा सामाईक अवयव शोधा. बारा आणि अठरा यांना सहाने भाग जातो. भागाकार दोन व तीन. सहा, दोन, तीन यांचा गुणाकार ३६, हाच निरुद्ध. त्याला मूळ छेदांनी भागले की तीन व दोन मिळतात आणि बेरीज होते पाच छत्तिसांश. शाळेत शिकवली जाते ती रीत यापेक्षा वेगळी नाही. पाटीवर किंवा धुळीवर आकडे मांडून हिशेब करण्याच्या काळात या काटकसरीचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते.

या काटकसरीचे सौंदर्य त्यांच्याच दुसऱ्या एका नियमात दिसते. एक या संख्येचे, अंश एक असलेल्या अपूर्णांकांत तुकडे कसे करावेत? एकापासून आरंभ करून तिपटीने संख्या लिहाव्यात : १, ३, ९, २७. पहिलीला दोनने आणि शेवटचीला दोनतृतीयांशाने गुणावे. छेद मिळतात २, ३, ९, १८. अर्धा, एकतृतीयांश, एकनवमांश आणि एक अठरांश यांची बेरीज नेमकी एक भरते. चारही छेद एकमेकांशी गुणत बसले तर ९७२ येतात. निरुद्ध काढला तर केवळ १८.

लसाविचे भावंड असलेला मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, त्यांच्या कुट्टीकारात अप्रत्यक्षपणे येतो. केळ्यांच्या सारख्या ६३ राशी आणि वर सात सुटी केळी २३ प्रवाशांत समान वाटली, तर एका राशीत केळी किती, असा त्यांचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे. येथे ६३ ला २३ ने, मग २३ ला बाकीने, असे भागत जावे लागते. बाक्या येतात १७, ६, ५ आणि १. भागाकार पद्धतीने मसावि काढताना हेच केले जाते. एका राशीतील केळ्यांचे सर्वांत लहान उत्तर पाच, आणि प्रत्येक प्रवाशाला चौदा केळी.

आचार्यांच्या हातून चुकाही झाल्या. शून्याने भागले असता संख्या बदलत नाही, हे त्यांचे विधान टिकणारे नव्हते. पण ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्टपणे सांगून ठेवले. खेळकरपणाही त्यांच्या ठायी होता : १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एकांची माळ होते, अशा संख्यांना त्यांनी कंठहाराचे रूप दिले.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनाने या ग्रंथाचे तेलुगू रूपांतर केले. पुढे मात्र तो दक्षिणेतील जैन भांडारांत राहिला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ उभारला. महावीराचार्यांना असा वारस लाभला नाही. मद्रासचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी ग्रंथ व कन्नड लिपीतील पोथ्या जुळवून, मूडबिद्रीहूनही प्रत मिळवून, १९१२ मध्ये इंग्रजी भाषांतरासह मूळ संहिता छापली. हजार वर्षांनी आचार्य जगासमोर आले, पण ते इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी.

पुढचे पाऊल सोलापुरात पडले. येथील ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती प्राचीन जैन साहित्याच्या उद्धारासाठी देऊन जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन केला. १९५७ साली त्यांचे निधन झाले, परंतु डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली जीवराज जैन ग्रंथमाला चालू राहिली. १९५८ मध्ये याच मालेतील एका ग्रंथाला जोडून जबलपूरचे गणिताचे प्राध्यापक लक्ष्मीचंद्र जैन यांचा ‘तिलोयपण्णत्ती’तील गणितावरील विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनीच ‘गणितसारसंग्रहा’चे हिंदी भाषांतर व विवेचन सिद्ध केले आणि १९६३ मध्ये मालेचे बारावे पुष्प म्हणून ते सोलापुरातून प्रकाशित झाले. सूत गिरण्यांच्या आणि चादरींच्या या शहराने राष्ट्रकूटांच्या काळातील गणित हिंदीत आणले, याची नोंद शहराच्या इतिहासात ठळकपणे व्हावयास हवी.

त्यानंतर २००० साली प्रा. पद्मावतम्मा यांनी कन्नड भाषांतरासह नवी आवृत्ती सिद्ध केली. ती शिमोगा जिल्ह्यातील होंबुज जैन मठाने प्रसिद्ध केली.