सावित्रीमाईंनी एकटीने सगळे पेलले नाही

३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालतो आणि घर, शाळा, चळवळ सारे सांभाळणाऱ्या आपल्या शिक्षिका भगिनींना 'सावित्रीच्या लेकी' म्हणून गौरवतो. पण माईंनी हे सारे कोणाच्या साथीने पेलले, हे सांगायचे राहून जाते.

सावित्रीमाईंचा जन्म १८३१ सालचा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला. अक्षरओळख सासरी झाली, पुढे शिक्षिकेचे प्रशिक्षणही घेतले. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि माई शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या.

शाळेच्या वाटेवर अंगावर शेण आणि दगड पडत. माई सोबत दुसरे लुगडे नेत, ते नेसून वर्ग घेत. घरातही ताण होताच. समाजाच्या दबावापुढे सासरे गोविंदराव नमले आणि १८४९ मध्ये या जोडप्याला घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख शाळेत सहकारी झाल्या.

१८५६ मध्ये माई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांची घालमेल दिसते. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडला असेल, ही काळजी त्यांना होती. ती कुरकुर करणार नाही, हा विश्वासही होता. अस्पृश्यांना शिकवता म्हणून भाऊ बोल लावत होता, त्यालाही त्यांनी उत्तर दिले. आजारपणात शाळा बंद पडली नाही, कारण ती सांभाळणारी मैत्रीण होती.

पुढे फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे माईंच्या घरी झाली. त्यांतल्याच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दोघांनी दत्तक घेतले. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, तेव्हा माईंनी शुश्रूषा केली. १८९० मध्ये जोतीराव गेले. त्यानंतर माईंनी सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर झालेल्या यशवंतसोबत त्या रुग्णसेवेत उतरल्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्चला त्यांचे निधन झाले.

नवरा सोबती होता, सहकारी मैत्रीण होती, मुलगाही कामात होता. म्हणून माई उभ्या राहू शकल्या.

आज आपल्या भगिनी पहाटे डबे करून शाळा गाठतात. वर्गाबरोबर ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षण, निवडणुकीचे काम आहेच. संध्याकाळी पुन्हा चूल वाट पाहते. चळवळीतला नवरा मात्र समतेवर भाषण देऊन घरी येतो आणि ताट मागतो.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. त्या गुरूंनी पत्नीला शिकवले आणि तिच्या कामात बरोबरीने उभे राहिले. तरुणांनो, येत्या जयंतीला हार जरूर घाला. पण त्या दिवशी घरचा स्वयंपाक कोणी केला, हेही एकदा स्वतःला विचारा.

जय भीम! जय सावित्री!