पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी : डॉ. सलीम अली

आपल्यापैकी काहीजण शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात राहत असतील. तानसा अभयारण्यातील साग, ऐन, खैर ही झाडे आणि माळशेज घाटाच्या कड्यांवर पावसाळ्यात फुलणारी कारवी त्यांच्या परिचयाची असेल. या परिसरात कोणते पक्षी आहेत, हे आज आपण पुस्तक उघडून पाहू शकतो. ही सोय ज्यांच्या श्रमांमुळे झाली, त्यांत डॉ. सलीम अली यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र वाचताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे : नोंद घेणे म्हणजे काय आणि ती खोटी निघाल्यास काय घडते?

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. अगदी लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने त्यांचे पालनपोषण मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी झाले. 1908 च्या सुमारास त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी चिमणीची ओळख तर पटविलीच, शिवाय कपाटांचे खण उघडून जतन केलेले पक्षीही दाखविले. अशा संग्रहातील प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे, केव्हा आणि कोणाला मिळाला, हे तिच्यावर लिहिलेले असते. ती चिठ्ठी नसेल तर शास्त्राच्या दृष्टीने त्या पक्ष्याचे मोल फार थोडे उरते.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. 1914 मध्ये कुटुंबाच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले. पण व्यापारापेक्षा त्यांचे मन तेथील रानात अधिक रमले. परत आल्यावर त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. मात्र विद्यापीठाची पदवी नसल्याने त्यांना पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी नोकरी नाकारली गेली. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात ते मार्गदर्शक-व्याख्याते झाले. नंतर बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकून ते 1930 मध्ये परतले, तेव्हा ती जागाही राहिली नव्हती.

चौतिसाव्या वर्षी हातात पदवी नाही आणि नोकरीही नाही, अशी ही अवस्था होती. संसार आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या आपल्याला तिची कल्पना सहज येईल. या काळात ते रायगड जिल्ह्यातील किहीम येथे राहिले व त्यांनी सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नर खोपा अर्धवट विणतो, मादी तो पारखून पसंत करते, मगच नर तो पूर्ण करतो आणि पुढे दुसरा खोपा विणावयास घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव मांडला : मुक्कामाचा खर्च द्यावा, पक्ष्यांचे सर्वेक्षण आपण विनावेतन करू. अशा रीतीने हैदराबाद संस्थानापासून त्रावणकोर-कोचीनपर्यंतचे पक्षी नोंदले गेले. आजचा मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. या भटकंतीत पत्नी तेहमिना त्यांच्या सोबत असत. 1939 मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. दोन वर्षांनी सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक प्रकाशित झाले. 1968 ते 1974 या काळात डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला.

आता वर उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. रानपिंगळा हे मध्य भारतातील एक लहान घुबड आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन 1873 मध्ये झाले. 1884 मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने मिळविले. पुढे रिचर्ड माइनर्त्सहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, आपल्याला तो 1914 मध्ये गुजरातमधील मांडवी येथे मिळाल्याची नोंद केली. हा मनुष्य सलीम अलींच्या परिचयाचा होता. 1937 मध्ये दोघे अफगाणिस्तानच्या मोहिमेवर बरोबर होते. 1970 च्या दशकात सलीम अली व रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, परंतु तो सापडला नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

20 जून 1987 रोजी सलीम अलींचे निधन झाले. त्यानंतर संग्रहालयांतील जुने नमुने तपासताना पामेला रासमुसेन यांच्या लक्षात आले की, मांडवीचा तो पक्षी वस्तुतः डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा नव्याने भरून, त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. ती नोंद बाजूला सारून खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. सलीम अलींना हे पाहता आले नाही.

2014 मध्ये तो पुन्हा दिसला, तोही शहाद्यापासून कितीतरी दक्षिणेला, शहापूरच्या तानसा अभयारण्यात. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. एवढा फरक पाहणाऱ्याने नेमका टिपला, म्हणून या अभयारण्याच्या पक्षिसूचीत एका दुर्मीळ नावाची भर पडली.

आपणही वहीत नोंद करू शकता. दिनांक, वेळ, ठिकाण, झाड आणि प्रत्यक्ष दिसलेली लक्षणे लिहावीत. ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट नमूद करावे. आपल्यामागून त्या रानात शिरणारा माणूस आपल्या नोंदीवर विसंबून वाट धरणार आहे.