डॉ. आनंदीबाई जोशी : पदवीचे आणि अखेरचे वर्ष

कल्याण म्हटले की दुर्गाडी किल्ला, सुभेदारवाडा आणि गजबजलेले रेल्वे जंक्शन डोळ्यांसमोर येते. याच शहरातील जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मली. पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून इतिहासात अजरामर झालेली ती हीच. अवघ्या २१ वर्षांच्या तिच्या आयुष्याचे सार १८८६ या एकाच वर्षात सामावलेले आहे.

नवव्या वर्षी यमुनेचा विवाह टपाल खात्यातील नोकरदार गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. गोपाळराव वयाने बरेच मोठे, विधुर, स्वभावाने हेकट व तापट. परंतु पत्नीने शिकलेच पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाली पाहिजे, या निश्चयाचे मूळ या दुःखात होते.

पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी १८८० साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. तो अमेरिकेतील नियतकालिकात छापून आला आणि न्यूजर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आला. ही अनोळखी बाई पुढे आनंदीबाईंची मावशी बनली. परदेशगमनावरून टीकेचे मोहोळ उठले, तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून आनंदीबाईंनी आपली भूमिका मांडली. आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परतणार, अशी ग्वाही त्यांनी दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. मात्र कडाक्याची थंडी आणि न मानवणारा आहार यांमुळे प्रकृती ढासळत गेली आणि क्षयाने शरीर पोखरले. तरीही हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर करून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. पदवी मिळविली. पदवीदान सोहळ्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आवर्जून आल्या होत्या.

ते वर्षच भारतीय स्त्रीच्या इतिहासात मोलाचे ठरले. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी १८८६ मध्येच वैद्यकीय पदविका मिळविली. बालपणी लादलेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला मुंबईत गाजत होता. १८८५ साली त्यांच्या बाजूने लागलेला निकाल १८८६ मध्ये अपिलात फिरविण्यात आला. याच रखमाबाई पुढे १८९४ साली लंडनमध्ये शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

आनंदीबाईंच्या वाट्याला मात्र ती सेवा आली नाही. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या, पण आजार हाताबाहेर गेला होता. उपचारांचा उपयोग झाला नाही आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. पदवीदान आणि मृत्यू यांत केवळ ३५२ दिवसांचे अंतर होते. ज्या रुग्णांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्यासाठी कोल्हापूरला रुजू होण्याआधीच सारे संपले.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत पाठविण्यात आल्या. पोकिप्सी येथील त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीने त्या घरोघरी पोहोचल्या आणि २०१९ साली त्याच नावाचा चित्रपटही आला.

आनंदीबाईंनी किती रुग्ण तपासले, या हिशेबाने त्यांचे मोल होणार नाही. सातासमुद्रापलीकडे जाऊन एक ब्राह्मण विवाहित स्त्री डॉक्टर होऊ शकते, हे त्या एका वर्षाने सिद्ध केले. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील रुग्णालयांत महिला डॉक्टर असणे ही नित्याची बाब झाली आहे. त्या वाटेवरचे पहिले पाऊल कल्याणच्या लेकीने टाकले होते, हे या शहराने विसरता कामा नये.