श्रीमंत बायजाबाईसाहेब शिंदे यांचे देवकार्य

ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार येथील मराठी कुटुंबांस श्रीमंत बायजाबाईसाहेब शिंदे हे नाव अपरिचित नाही. त्यांच्या राजकारणाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. देवाच्या दारी त्यांनी जी बांधकामे केली, त्यांचे स्मरण भाविक वाचकांस घडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

बायजाबाईंचा जन्म १७८४ साली कागलकर घाटगे घराण्यात झाला. सर्जेराव घाटगे हे त्यांचे वडील. १७९८ साली पुण्यास दौलतराव शिंदे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. त्या छावणीचेच आजचे लष्कर शहर झाले. मार्च १८२७ मध्ये दौलतराव निवर्तले. पोटी पुत्र नसल्याने जनकोजीरावांस दत्तक घेण्यात आले व ते अल्पवयीन असल्याने राज्याचा भार बाईंनी आपल्या शिरावर घेतला. उज्जैन व काशी येथे त्यांच्या पेढ्या होत्या. हिशेबात त्या अत्यंत दक्ष असत.

वैधव्यास एक वर्ष होते न होते तोच, १८२८ साली, त्यांनी काशीस ज्ञानवापीच्या कूपाभोवती चाळीसहून अधिक स्तंभांचा मंडप उभारविला. श्रीविश्वेश्वराचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी पूर्वीच बांधले होते. बायजाबाईंनी तेथे उंच शिखराचा हव्यास धरला नाही. छप्पर ठेंगणे ठेवले आणि उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या यात्रेकरूस सावली दिली. देवसेवेत भक्ताच्या पायांचा आणि मस्तकाचाही विचार असावा लागतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

१८३० च्या सुमारास त्यांनी काशीसच गंगाकाठी भव्य घाट बांधावयास घेतला. द्रव्याची उणीव नव्हती, श्रद्धेचीही नव्हती. परंतु गंगेचा तो तीर मातीचा. पुरात पाणी चढते आणि ओसरताना काठाची माती ओढून नेते. त्यावर प्रचंड दगडी बांधकामाचा भार पडला आणि घाट खचला. त्याची भग्न अवस्था कित्येक दशके यात्रेकरूंच्या दृष्टीस पडत असे. विसाव्या शतकात तो नव्याने बांधण्यात आला आणि शिंदे घाट या नावाने आजही प्रसिद्ध आहे.

हा प्रसंग आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो. ईश्वराची कृपा म्हणजे मातीच्या धर्मातून मिळालेली सूट नव्हे. पाथरवटाची छिन्नी, गवंड्याचा ओळंबा आणि भूमीची परीक्षा हीदेखील पूजेचीच अंगे आहेत. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. कळसाचे कौतुक सर्व करतात, पण गाभाऱ्यात मुरणाऱ्या पाण्याकडे प्रथम लक्ष द्यावे लागते, हे आम्ही नित्य पाहत आलो आहो.

१८३३ साली जनकोजीरावांशी विरोध विकोपास जाऊन बाईंस ग्वाल्हेर सोडावे लागले. आग्रा, फत्तेगड, काशी, नाशिक अशी भ्रमंती झाली. तंबूतही दिवस काढावे लागले. काही वर्षे त्या उज्जैनीस राहिल्या. तेथील संगमरवरी शिखराचे व रुपेरी दारांचे गोपाळमंदिर ही त्यांचीच उभारणी होय. अखेर १८५६ साली त्या ग्वाल्हेरीस परतल्या. १८५८ च्या जून महिन्यात आपल्या मुरारच्या परिसरात रणकंदन माजले, तेव्हा वृद्धापकाळीही राजघराण्यातील स्त्रियांस त्यांनी नरवरास सुखरूप नेले. १८६३ साली त्यांनी देह ठेवला.

सत्ता अवघी सहा वर्षे हाती राहिली. देवाच्या दारीचा दगड मात्र शतके बोलत राहिला. आपल्या मंदिरासाठी देणगी देताना प्रत्येक कुटुंबाने बायजाबाईंची उदारता आठवावीच. पण खचलेला तो घाटही विसरू नये. पायासाठी दिलेला रुपया कोणाच्या दृष्टीस पडत नाही, तथापि कळस त्याच्याच आधारावर उभा असतो.